सावलीचं कूळ

'छाया' म्हटलं की पुस्तक आठवतं, 'सावली' म्हटलं की झाड. वास्तविक दोघींचं मूळ एकच. संस्कृत 'छाया' प्राकृतातून मराठीत उतरली तेव्हा 'छ'चा 'स' झाला, आणि हे काही एकट्या सावलीच्या वाट्याला आलं नाही. हिंदीनं 'छुरी' जपली, मराठीत ती 'सुरी' झाली. तिकडे 'पूछना', इकडे 'पुसणं'. तिकडे 'मछली', इकडे 'मासा'. पुढे 'ए' असला तर 'श' येतो: 'छगल'वरून शेळी, आणि 'छगण'वरून चक्क शेण! मराठीची जडणघडण उलगडणाऱ्या ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं ही ध्वनींची वाटचाल मांडून ठेवली आहे.

जुन्या मराठीत रूप होतं 'साउली'. 'माउली'शी इतकं सहज जुळणारं यमक संतकवींच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

नातलग दूरवर पसरलेले आहेत. फारसीतला 'साया' सख्खा, ग्रीकमधला 'स्किया' चुलत. याच 'स्किया'ला 'उरा' म्हणजे शेपूट जोडून ग्रीकांनी खारीला नाव दिलं: शेपटीची सावली करणारी. इंग्रजी 'स्क्विरल' त्यातूनच आला.

मराठीत मात्र सावलीला एक कडू इतिहासही आहे. पेशवाईतल्या पुण्यात महार-मांगांना दुपारी तीननंतर सकाळी नऊपर्यंत वेशीच्या आत मज्जाव होता, अशी नोंद समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी केली आहे. कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि विटाळ दूरवर पोचतो! मायेची सावली म्हणणाऱ्या भाषेनंच 'सावलीचा विटाळ' हा शब्दप्रयोगही चालवला.

पुढे संस्कृतातली 'छाया' पुन्हा उसनी आणली गेली आणि कामांची वाटणी झाली. आकाश छायेकडे गेलं: राहू-केतू छायाग्रह, ग्रहणात प्रच्छाया आणि उपच्छाया. पुराणात शनीची आईही छायाच. कॅमेरा आला, त्याचं छायाचित्रही तिनंच घेतलं. उन्हातून आलेला वाटसरू मात्र आजही सावलीलाच बसतो.

या वाटणीला अपवाद एक आहे. पुण्यात मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैअखेरीस भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली बुडाशीच नाहीशी होते. घटना खगोलशास्त्राची, तरी वर्तमानपत्रं तिला 'शून्य सावली दिवस' म्हणतात. 'शून्यच्छाया' कुणाच्या तोंडी बसलंच नाही.