टोपी आणि कॉफी
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या स्नेहसंमेलनात आजवर शिक्षण, उद्योग, आरोग्य अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. त्या मानाने ‘टोपी आणि कॉफी’ हा विषय आपणांस थट्टेचा वाटण्याचा संभव आहे. तो मी घेतला याचे कारण व्यवस्थापक मंडळापुढे विचारार्थ आलेली दोन पत्रे. पहिल्या पत्रात अशी सूचना आहे की, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी सत्कारमूर्तींनी व व्यासपीठावरील सर्वांनी मस्तकावर टोपी अथवा पागोटे असल्यावाचून येऊ नये. दुसऱ्या पत्रात विचारणा आहे की, ज्ञातीबाहेर विवाह झालेल्या मुलींना व त्यांच्या यजमानांना संमेलनाच्या कॉफीपानास आणि भोजनास बोलवावे किंवा कसे. चिटणिसांनी ही दोन्ही पत्रे मजकडे अभिप्रायार्थ धाडली. ती एकमेकींशी असंबद्ध आहेत असे त्यांस वाटले असावे. मला तसे वाटत नाही.

प्रथम टोपीचे सुख आठवावे. ज्यांनी टोपी वापरली त्यांनाच ते ठाऊक. दिवसभराचे काम आटोपून गृहस्थ घरी आला, टोपी खुंटीला अडकवली, आणि कपाळावरील टोपीच्या कडेचा वळ बोटांनी चोळला, की कचेरी संपून घर सुरू झाले. काळ्या मखमली टोपीवरील धूळ झटकण्यासाठी मऊ कुंचला राखून ठेवलेला असे. पांढरी टोपी असल्यास तिला खळ करून, घडी मोडू न देता उशीखाली दाबून ठेवावयाची. ज्यांना घाई असे ते तांब्यात निखारे घालून तिच्यावर फिरवीत. टोपी किंचित पुढे ओढलेली असली की मनुष्य कामात आहे, मागे सारलेली असली की गप्पांना सवड आहे, हे शेजाऱ्यास दुरून उमगे. तिच्यातून निघणाऱ्या वाक्प्रचारांची तर गणती नको. कोणी आपल्याला टोपी घालतो, कोणी दुसऱ्याची टोपी उडवतो, कोणी वारा पाहून टोपी फिरवतो. या तिन्ही कलांत प्रवीण असलेले लोक टोप्या नाहीशा झाल्यानंतरही कमी झालेले नाहीत, हे आपण जाणताच.

टोपीचा शिष्टाचार मात्र सुखापेक्षा गहन होता. आपल्याकडे थोरांपुढे, देवापुढे आणि पंक्तीत मस्तक झाकून जाणे हा आदर. उघडे मस्तक हे सुतकाचे चिन्ह. म्हणून बोडक्या डोक्याने कोणाच्या दारी जाणे अशुभ मानीत. युरोपात याच्या नेमके उलट. तेथे आदर दाखवावयाचा तर टोपी उतरवावयाची. आम्ही जोडे काढून आणि पगडी ठेवून आत जात असू. साहेब जोडे ठेवून आणि टोपी काढून आत येई. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या सर्व युरोपीय लोकांना मिळून ‘टोपीकर’ म्हटले आहे ते उगाच नव्हे. परका मनुष्य प्रथम ओळखला जातो तो त्याच्या डोक्यावरून. दोन्ही रीती सभ्यच होत्या. फरक इतकाच की, एकाची सभ्यता दुसऱ्याला उद्धटपणा वाटे. पुढे इंग्रजी कचेरीत नोकरी धरलेल्या आपल्या पूर्वजांनी अंगात कोट आणि डोक्यावर पगडी असा तोडगा काढला. साहेबांपुढे पगडी उतरविण्याचा प्रश्नच नसल्याने मान आणि मान्यता दोन्ही राखल्या गेल्या.

आता याच पगडीची दुसरी बाजू पाहू. आपण ‘अठरापगड जाती’ असे सहज बोलून जातो. या शब्दाचा उगमच असा आहे की, जात तशी पगडी. चक्रीबंद पगडी, शिंदेशाही पगडी, व्यापाऱ्याची पगडी, शेतकऱ्याचे मुंडासे, धनगराचे पागोटे, अशी प्रत्येकाची घडण निराळी. रस्त्याने येणारा मनुष्य कोण, त्याला ओसरीवर बसवावयाचे की अंगणात, त्याच्याशी ‘अहो’ म्हणून बोलावयाचे की ‘अरे’ म्हणून, हे सारे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ठरलेले असे. पगडी मस्तकाचे ऊन वारी हे खरे; परंतु तिचे मुख्य काम जाहीरनाम्याचे होते.

हा जाहीरनामा कोठे कसा वाचला जातो हे महात्मा जोतीराव फुल्यांना चांगले माहीत होते. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली, तेव्हा जरीच्या पगड्या आणि जडजवाहीर यांच्या मेळाव्यात जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात, साधे पागोटे बांधून गेले, आणि या देशाची खरी प्रजा येथे जमलेली नाही असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. भाषणाआधी त्यांच्या पागोट्याने निम्मे काम केले होते.

पुढे काळी टोपी आली. ती दुकानात तयार मिळे, बांधण्यास पगडबंद लागत नसे, आणि मुख्य म्हणजे ती घालणाऱ्याची जात सांगत नसे. माझ्या मते आपल्या समाजातील एक मोठी क्रांती या मुक्या वस्तूने केली. तिच्याबद्दल कोणी ग्रंथ लिहिला नाही इतकेच. १९२० च्या सुमारास गांधी टोपी सर्वत्र पसरली व तिने तेच काम खेड्यापाड्यांत नेले. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा लोकांच्या डोक्यावरून या टोप्या उतरवावयास लावीत. दोन-चार आण्यांच्या कापडाला एवढे महत्त्व सरकारने द्यावे, यातच तिचा जय होता.

मग टोपीही गेली. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत शहरातील तरुण उघड्या डोक्याने हिंडू लागले, आणि त्यात सुतक कोणास दिसेना. आज फेटा लग्नात दिसतो, तो बांधणारा माणूस ठरवून आणावा लागतो, आणि मंगलाष्टके संपल्यावर वऱ्हाडी तो हातात घेऊन वाढप कोठे आहे ते पाहू लागतात. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. ज्या वस्तूला असे संरक्षण द्यावे लागते, ती रोजच्या वापरातून उठली असेच समजावे.

एका ठिकाणी मात्र तुरेदार पागोटे अद्याप नित्य दिसते, आणि तेथेच टोपीची व कॉफीची गाठ पडते. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी उत्पादकांसाठी नेमलेल्या समितीने १९३६ साली मुंबईत पहिले इंडिया कॉफी हाउस काढले. पुढे १९५० नंतरच्या दशकात कॉफी मंडळाने ही गृहे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी स्वतःच्या सहकारी संस्था उभारून ती चालविली. १९५७ साली बंगळुरात अशी पहिली संस्था झाली. तेथे पांढरा पोशाख, रुंद पट्टा आणि पंख्यासारखा तुरा काढलेले पागोटे घालून वाढपी येतो. एके काळी असे पागोटे यजमानाच्या डोक्यावर असावयाचे. आता यजमान आणि पाहुणा दोघेही बोडके, आणि तुरा कॉफी आणणाऱ्याच्या डोक्यावर. इंग्रजांनी दरबारी पोशाख चोपदार-पट्टेवाल्यांच्या अंगावर चढविला, त्याचेच हे शेपूट. परंतु येथे तो तुरेवाला त्या संस्थेचा भागीदारही असतो, म्हणून ते पागोटे मला केविलवाणे वाटत नाही.

कॉफी आपल्याकडे परकी नव्हे आणि फार जुनीही नव्हे. जहांगिराच्या दरबारी आलेल्या थॉमस रो याच्याबरोबर असलेल्या एडवर्ड टेरी नावाच्या पाद्र्याने येथील धर्मनिष्ठ लोक मद्याऐवजी कॉफी पितात असे नमूद केले आहे. बाबा बुदन यांनी अरबस्तानातून सात बुंददाणे लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले, ही दक्षिणेतील परंपरागत कथा आपण ऐकली असेल. मराठी घरात मात्र चहा हा रोजचा आणि कॉफी ही मानाची, असा भेद पडला. व्याही आले, गुरुजी आले, रात्री भजन रंगले, आजारी माणसाला तरतरी हवी, एकादशीला काही गरम हवे, की कॉफी. आमच्या सुगरणींनी तिच्यात जायफळ घातले. कॉफी झोप उडविते आणि जायफळ झोप आणते. दोन्ही एका पातेल्यात उकळून पाहुण्याला जागे ठेवावयाचे की निजवावयाचे, हे त्यांनी आपल्या हाती ठेवले असावे! पूड पाण्यात उकळल्यावर क्षणभर झाकण ठेवावे, मग दूध घालावे, आणि जायफळ शेवटी किसावे. आधी किसल्यास वास वाफेबरोबर निघून जातो. दक्षिणेकडील मंडळींना आपली ही कॉफी औषधासारखी लागते, आणि त्यांची आपल्याला कडू. या वादात मी पडत नाही.

कॉफी घेण्याचा शिष्टाचारही ठरलेला आहे. प्रथम ‘आत्ताच झाली’ म्हणावयाचे. यजमानाने ‘अर्धा कप तरी’ म्हणावयाचे. मग पूर्ण कप यावयाचा आणि तो संपवावयाचा. बशीत ओतून पिणे आता गावंढळ मानतात. परंतु एका कपाचे दोघांत वाटप करण्याची ती किती सुंदर सोय होती! एकाला कप, एकाला बशी, आणि बशी आपण घ्यावी हे सौजन्य. तिकडे तमिळ घरांत पेला ओठांना न लावता वरून ओतून पिण्याची चाल होती. तीत कौशल्य दिसते. परंतु तिच्या मुळाशी उष्ट्याचे भय आहे.

या भयाशी आपण येऊन ठेपलो. पगडी निघाली, जात सांगणारा जाहीरनामा डोक्यावरून उतरला. तो कपात मात्र पुष्कळ दिवस शिल्लक राहिला. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने काही प्रतिष्ठित मंडळी जमली, आणि तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हाती धरून परत ठेवला. हा बेत घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोश्यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून टाकली. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ही नावे होती. ग्रामण्य उपस्थित झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, आणि प्रायश्चित्ते झाली. एवढ्या बुद्धिमान माणसांची दोन वर्षे एका पेल्यापायी खर्ची पडावी, हे वाचून आज आपण हसतो. हसण्यापूर्वी त्या दुसऱ्या पत्राकडे एकदा पाहावे, इतकीच माझी विनंती आहे.

आणि हे उच्चवर्णीयांचे दुःख झाले. ज्यांना हॉटेलच्या आतच प्रवेश नव्हता, ज्यांची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात पालथी असे आणि ती ज्यांनी स्वतः विसळून ठेवावयाची असे, त्यांच्या अपमानाला ग्रामण्यही नव्हते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या साहाय्याने चहाचे दुकान काढले, तेव्हा गिऱ्हाइके येईनात. मग शाहू छत्रपती आपला खडखडा त्या दुकानापुढे उभा करीत, स्वतः चहा मागवीत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांच्या हातीही तो देवीत. फेटेवाल्यांना नाही म्हणता येत नसे. हुकूम महाराजांनी पुष्कळ काढले; पण एका पेल्याने जे साधले ते त्यांतल्या काहींना साधले नसेल. १९५५ सालच्या अस्पृश्यता अपराध कायद्याने उपाहारगृहातील हा भेद गुन्हा ठरविला, तो त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी.

आता पत्रांविषयी. पहिल्या पत्राच्या लेखकांचा हेतू शुद्ध आहे. सत्काराला गांभीर्य यावे असे त्यांना वाटते. परंतु त्यांनी यंदाची गुणवंतांची यादी पाहिलेली दिसत नाही. तीत बहुसंख्य नावे मुलींची आहेत. त्यांनी कोणती टोपी घालावी, हे पत्रात सांगितलेले नाही. ज्या वडीलधाऱ्यांना टोपी घालण्याचा आनंद आहे त्यांनी ती अवश्य घालावी, त्यांच्या टोपीला आमचा नमस्कार आहे; नियम मात्र करू नये.

दुसऱ्या पत्रासंबंधी माझा अभिप्राय स्पष्ट आहे. ज्या मुलींच्या पहिलीपासूनच्या बक्षिसांची नोंद आपल्या दप्तरात आहे, ज्यांच्या वडिलांच्या वर्गणीवर हे सभागृह उभे राहिले, त्यांना लग्नानंतर पाहुणीचीही कॉफी न देणे म्हणजे पंचहौदाचे ग्रामण्य आपल्या घरी पुन्हा भरविणे होय. त्यांच्या यजमानांची जात कोणती, हे निमंत्रणपत्रिकेवर लिहिण्यास जागा नाही आणि ती असूही नये. काही वृद्ध सभासदांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही, आणि त्यांच्या पंगतीची जागाही कोणी घेणार नाही. पण निमंत्रणाचा निर्णय सर्वसाधारण सभेने आजच घ्यावा, पुढील वर्षावर ढकलू नये, असा प्रस्ताव मी या व्यासपीठावरून मांडतो. अनुमोदन देण्यास दोघांनी होकार दिला आहे. त्यांची नावे अध्यक्षमहाशयांकडे आहेत.

स्वयंपाकघरातून निरोप आला आहे की पातेले उतरले असून जायफळ किसावयाचे राहिले आहे. तरी मतदान आधी व्हावे, कॉफी नंतर. आणि मुदपाकखान्यातील मंडळींसाठीही आपल्याच रांगेत खुर्च्या मांडाव्यात, असे मी स्वयंसेवकांना आताच सांगून ठेवतो.