जुन्या ट्रॅक्टरला स्मार्टफोनची जोड

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खरिपाची पूर्वतयारी सुरू झाली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी एकच विचारणा होते. ट्रॅक्टर कधी येणार आणि एकरी किती घेणार? कपाशी, सोयाबीन व तूर ही आपली प्रमुख पिके होत. या पिकांसाठी नांगरट, पंजी, रोटाव्हेटर आणि पुष्कळ ठिकाणी पेरणीसुद्धा आता ट्रॅक्टरने केली जाते. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही ते भाड्याने बोलावतात. काम आटोपल्यावर धुऱ्यावर उभे राहून हिशेब होतो आणि वाद होतो तो येथेच. मालक म्हणतो तीन एकर झाले, शेतकरी म्हणतो अडीच. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते, कारण मोजलेले कोणीच नसते.

हा वाद मिटविण्याचे साधन आज बहुतेकांच्या खिशात आहे. ते म्हणजे स्मार्टफोन. नवीन मोटारगाडीत फोन जोडला की नकाशा व फोनची इतर कामे गाडीच्या पडद्यावर दिसतात. ॲपल कंपनीने कारप्ले ही सोय २०१४ मध्ये आणि गुगलने अँड्रॉइड ऑटो ही सोय २०१५ मध्ये आणली. महिंद्रा कंपनीने २०१६ मध्ये डिजिसेन्स ही सुविधा सादर केली, ती ट्रॅक्टरसाठीही होती. परंतु आपल्याकडील अनेक ट्रॅक्टर त्याच्याही आधीचे आहेत आणि ते उत्तम काम देत आहेत. केवळ फोन जोडता यावा म्हणून नवा ट्रॅक्टर घेणे मुळीच परवडणारे नाही. जुन्याच ट्रॅक्टरला थोड्या खर्चात ही जोड कशी द्यावी, तिच्यापासून कोणता फायदा घ्यावा आणि कोणती अपेक्षा ठेवू नये, याची माहिती आज आपण घेऊ.

फोन काय सांगतो, काय सांगत नाही

फोनमधील जीपीएस यंत्रणा उपग्रहांच्या संदेशावरून आपले ठिकाण काढते. त्यासाठी मोबाईलचे नेटवर्क लागत नाही, मोकळे आकाश लागते. झरी जामणी किंवा पांढरकवड्याच्या जंगलपट्ट्यात जेथे नेटवर्क जाते तेथेही फोन आपले ठिकाण ओळखतो. फक्त परिसराचा नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि नेटवर्कशिवाय चालणारे ॲप निवडावे.

दुसरी गोष्ट अचूकतेची. २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे व ठिकाण १०० मीटरपर्यंत चुकत असे. त्या दिवशी ही अट उठली. आज मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक सुमारे ५ मीटरच्या आत राहते. झाडाखाली, नाल्याच्या खोलगट भागात किंवा पत्र्याच्या छताखाली ती वाढते.

तिसरी गोष्ट इंजिनाची. आपल्या जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक असतो. त्यात संगणक नसतो. मोटारगाडीला जोडतात तसा माहिती वाचणारा प्लग त्याला बसत नाही. म्हणून ‘जुन्या ट्रॅक्टरचे डिझेल फोनवर पाहा’ असे कोणी केवळ ॲपच्या भरवशावर सांगितले तर तो अंदाजच समजावा. टाकीत वेगळे मापक यंत्र बसविल्याशिवाय फोनला डिझेल दिसत नाही. जागा, वेळ, वेग आणि क्षेत्र या चार गोष्टी मात्र फोन सांगू शकतो आणि हिशेबाला त्या पुरेशा आहेत.

वीजजोडणी कशी करावी

दिवसभर जीपीएस चालू ठेवल्यास फोनची बॅटरी लवकर उतरते. म्हणून ट्रॅक्टरवर चार्जर बसवावा लागतो. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते व फोनला साधारण ५ व्होल्ट लागतात. यासाठी मोटारसायकलला बसवतात तसा, पाणी व धूळ न शिरणारा यूएसबी चार्जर बाजारात मिळतो. जोडणी करताना पुढील काळजी घ्यावी.

१. जोडणी किल्लीच्या स्विचनंतरच्या तारेवरून घ्यावी. थेट बॅटरीवरून घेतल्यास ट्रॅक्टर उभा असतानाही वीज थोडी थोडी खर्च होत राहते.

२. वायरमध्ये ५ अँपिअरचा फ्यूज अवश्य टाकावा आणि तो जेथून वीज घेतली त्या जागेजवळच ठेवावा. १० वॅटच्या चार्जरला बॅटरीवरून जेमतेम १ अँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळे हा फ्यूज विनाकारण उडत नाही. फ्यूज नसेल आणि वायर घासून सांगाड्याला टेकली, तर ती तापून पेट घेते. शेजारी डिझेलची नळी आणि खाली वाळलेले कुटार असते, हे विसरू नये.

३. वायर सायलेन्सर, पंख्याचा पट्टा आणि स्टिअरिंगच्या सांध्यापासून दूर न्यावी. रबरी नळीतून ओवून जागोजागी बांधावी. नुसती पिळून चिकटपट्टी लावलेली जोडणी हादऱ्याने सुटते.

४. फोन जोडण्यापूर्वी इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांवर मीटरने व्होल्टेज पाहावे. १४ व्होल्टच्या आसपास असल्यास चार्जिंग ठीक समजावे. १५ च्या वर जात असल्यास आधी रेग्युलेटर दुरुस्त करून घ्यावा.

५. फार जुन्या काही परदेशी बनावटीच्या ट्रॅक्टरमध्ये बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा ट्रॅक्टरवर धातूच्या आवरणाचा चार्जर लावल्यास शॉर्टसर्किट होऊ शकते. तारा ओळखता येत नसतील तर हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

फोन कोठे बसवावा

फोनचा धारक छताच्या खांबाला किंवा डॅशबोर्डच्या कडेला, सावलीत आणि नजरेच्या टप्प्यात बसवावा. बॉनेटवर बसवू नये. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तर ॲपलसारखी कंपनी आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यास सांगते. ऊन, इंजिनाची धग आणि चार्जिंगची उष्णता एकत्र आली की फोन आपोआप बंद पडतो व त्याच्या बॅटरीचे आयुष्य घटते. हादराही तितकाच बाधक आहे. मोटारसायकलच्या इंजिनाच्या हादऱ्याने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा याच कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. ट्रॅक्टरचा हादरा काही कमी नाही. धारकाखाली जाड रबर घालावे आणि या कामासाठी घरातील जुना फोन वापरणे अधिक हितावह ठरते.

क्षेत्र मोजण्याची पद्धत

क्षेत्र मोजण्याची अनेक ॲप मिळतात. फोन मोकळ्यावर दोन-तीन मिनिटे स्थिर धरावा, म्हणजे ठिकाण पक्के होते. नंतर जेवढा भाग प्रत्यक्ष कसला गेला त्याच्या कडेने, कोठेही न रेंगाळता, एका दमात फेरी पूर्ण करावी. जीपीएसची चूक हळूहळू सरकत असते. फेरी थोड्या वेळात झाली तर संपूर्ण आकृती एकाच बाजूला सरकते आणि क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. मध्येच चहाला थांबल्यास ही चूक आकृतीत शिरते. फेरी दोनदा मारावी. दोन आकड्यांत मोठी तफावत आल्यास तिसरी फेरी घ्यावी.

शेत किती मोठे व कशा आकाराचे आहे यावर भरवसा अवलंबून असतो. ५० मीटर रुंद व ८० मीटर लांब तुकडा ४००० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक एकराचा होतो. रुंदीत २ मीटरची चूक झाली तर क्षेत्र ४ टक्क्यांनी चुकते. तेच १२ मीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीत २ मीटर चुकल्यास जवळपास १७ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून मोठ्या वावरात फोन वापरावा आणि अरुंद पट्टीत सरळ टेप धरावा.

सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १ एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. सातबाऱ्यातील एकूण क्षेत्रात पोटखराबाही धरलेला असतो, त्यामुळे कसलेले क्षेत्र त्याहून कमी भरणे स्वाभाविक आहे. मजुरी कसलेल्या क्षेत्राची द्यावयाची असते. मात्र शेजाऱ्याशी धुऱ्याचा वाद असेल तर फोनचे मोजमाप पुढे करू नये. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी हाच मार्ग आहे.

शेतीचा कारभार एकटीने सांभाळणाऱ्या भगिनी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. चालक सांगेल तो आकडा मान्य करण्याची पाळी त्यांच्यावर अनेकदा येते. त्यांनी आपल्या शेताचे क्षेत्र हंगामापूर्वीच एकदा मोजून, आकृतीसह फोनमध्ये जपून ठेवावे. काम ठरविताना ती आकृती चालकाला दाखवावी. काम झाल्यावर घासाघीस करण्यापेक्षा आधी माप ठरविणे दोघांच्याही सोयीचे असते.

ट्रॅक्टर मालकाचा हिशेब

तासाला किती काम होते हे काढण्याचे गणित सोपे आहे. ट्रॅक्टरचा वेग किलोमीटरमध्ये आणि अवजाराची रुंदी मीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा व १० ने भागावे. उत्तर ताशी हेक्टरमध्ये मिळते. समजा, दीड मीटर रुंद रोटाव्हेटर ताशी ३ किलोमीटर वेगाने चालतो. उत्तर ०.४५ हेक्टर आले. वळणे आणि एकावर एक येणारे पट्टे यांत पाचवा हिस्सा वाया जातो असे धरल्यास ०.३६ हेक्टर, म्हणजे सुमारे ०.९ एकर उरते. एकराला साधारण एक तास सात मिनिटे लागली पाहिजेत.

प्रत्यक्षात पावणेदोन तास लागत असतील तर फोनमधील मार्गाची नोंद उघडून पाहावी. वेळ वळणांत गेला, धुऱ्यावर उभे राहण्यात गेला की एका वावरातून दुसऱ्या वावरात जाण्यात गेला, हे त्यात स्पष्ट दिसते. आडवे तास घातल्याने वळणे वाढली असतील तर लांबीच्या दिशेने काम घ्यावे. चार शेतकऱ्यांची लागून असलेली कामे एकाच दिवशी घेतल्यास रिकामी धाव वाचते.

डिझेलचा हिशेब जुन्याच पद्धतीने ठेवावा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरावी, काम करावे आणि त्याच जागी मापाने पुन्हा काठोकाठ भरावी. जेवढे लिटर लागले त्याला फोनवर मोजलेल्या एकरांनी भागावे. एकरी डिझेल, चालकाची मजुरी व देखभाल यांची नोंद एक हंगाम ठेवल्यास आपला भाव परवडतो की नाही हे समजते. तासमापक बंद असल्यास कामाचे तासही याच नोंदीवरून लिहावेत आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनुसार तेल बदलावे.

सरळ पेरणीची अपेक्षा ठेवू नये

नुसत्या फोनवर पाहून सरळ तास काढता येईल काय, असे अनेक जण विचारतात. उत्तर ‘नाही’ असे आहे. कपाशीच्या दोन ओळींत ९० सेंटिमीटर अंतर असेल तर ५ मीटरच्या चुकीत पाच ओळी सामावतात. सोयाबीनच्या ४५ सेंटिमीटर अंतरात अकरा ओळी बसतात. ओळ वाकडी गेली की पुढे डवरणी करताना झाडे कापली जातात. सरळ ओळीसाठी आरटीके पद्धतीचा वेगळा ग्राहक लागतो. तो जवळच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेऊन दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत अचूकता देतो. हा ग्राहक जुन्या ट्रॅक्टरलाही बसतो. कॅनडातील शेतकरी ब्रायन टिशलर यांनी अशा ट्रॅक्टरसाठी ॲगओपनजीपीएस ही संगणक प्रणाली तयार करून सर्वांना विनामूल्य खुली केली आहे. तरीही संपूर्ण संचाचा खर्च एकट्या लहान शेतकऱ्याने करण्यासारखा नाही. शेतकरी गटाने किंवा अवजार बँकेने एकत्र येऊन विचार करावा. तोपर्यंत पेरणीयंत्राचा मार्कर दुरुस्त ठेवावा, तोच भरवशाचा आहे.

रस्त्यावर व शेतात घ्यावयाची दक्षता

वाहन चालवताना हातात फोन धरणे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांनुसार केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फोन वापरण्यास मुभा आहे. रस्ता निघण्यापूर्वीच लावून घ्यावा. कापूस बाजारात नेणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये ब्लूटूथचा टेप बसविल्यास रस्त्याच्या सूचना ऐकू येतात व पडद्याकडे पाहावे लागत नाही. असा टेप बसविताना मूळ वायरिंग कापू नये, त्या गाडीसाठी मिळणारा जोडप्लग वापरावा.

शेतात काम चालू असताना फोन आला तर ट्रॅक्टर थांबवावा, पीटीओ बंद करावा, मगच बोलावे. रोटाव्हेटर फिरत असताना फोनकडे गेलेली एक नजर हात-पाय कायमचे हिरावून घेऊ शकते. चालकाला ही ताकीद मालकाने स्वतः द्यावी आणि स्वतःही पाळावी.

बंधू-भगिनींनो, या हंगामात एवढेच करून पाहावे. पहिल्या पावसापूर्वी आपले वावर मोजून ठेवावे, फ्यूजसह चार्जर बसवावा आणि प्रत्येक कामाची तारीख, तास, एकर व लिटर वहीत उतरवावेत. दिवाळीला ती वही उघडल्यावर मालकाला आपला खरा खर्च कळेल, भाडेकरू शेतकऱ्याला आपण कशाचे पैसे दिले ते कळेल, आणि धुऱ्यावरचा हिशेब दोन मिनिटांत पुरा होईल.