अपुऱ्या दिवसांचे मूल आणि शाळेचे दप्तर

(श्रीवर्धन येथे वर्षावास कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सदतीस आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले मूल म्हणजे अपुऱ्या दिवसांचे मूल. पूर्वी अशी मुले वाचणे कठीण होते. आता पुष्कळ वाचतात. मूल अंगाने भरले की घरचे निश्चिंत होतात. पण खरी कसोटी शाळेत लागते. सदऱ्याचे बटण लागत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, फळ्यावरचे निम्मे वहीत उतरते तोच फळा पुसला जातो. मग शिक्का बसतो : आळशी, मठ्ठ!

हा शिक्का अन्यायाचा आहे. गर्भाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. या मुलांना त्यातला काही काळ पोटाबाहेर काढावा लागतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मधील, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांत बरीच अपुऱ्या दिवसांची होती. बाराव्या वर्षी त्यांची सरासरी बुद्धी इतरांहून कमी, तरी सामान्य मर्यादेतच आढळली. डोळ्याने पाहिलेले हाताने उतरवणे, हालचालींतील सफाई, वाचन आणि गणित येथे ती अडखळत होती.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची गोष्ट आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून जायला सांगितले. तथागतांनी त्याला हाकलले नाही. हातात स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. मळणाऱ्या त्या कापडातून त्याला अनित्यता उमगली व तो अर्हत झाला. त्याला झेपेल असे काम तथागतांनी शोधले.

आपणही तेच करावे. घाईच्या सकाळी आई बटणे लावून देते. त्यात माया आहे, पण हात शिकत नाही. रात्रीच दप्तर भरून घ्या. सुटीच्या दिवशी आधी एकच बटण त्याला लावू द्या, मग दोन. डोळे व कान तपासून घ्या. शिक्षकांना जन्माची हकीकत सांगा, पुढच्या बाकावर जागा मागा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत व शाळेत तपासणीला येते. त्यांना आपणहून विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळेची सवलत मिळते. तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. आणि घरातल्या थोरांनो, कृपा करून सुनेला दोष देऊ नका.

विद्यार्थी मित्रहो, बाकावरचा सोबती मागे पडला तर हसू नका, आपली वही पुढे सरकवा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश सर्वांसाठी आहे, सावकाश शिकणाऱ्यासाठीही.

नमो बुद्धाय! जय भीम!