ओल्या रुमालापलीकडे





आमच्याकडे यवतमाळात सिनेमा आवडला की माणूस म्हणतो, "लय रडवलं बाप्पा!" याहून मोठी दाद मला लहानपणी ठाऊक नव्हती. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला, तेव्हा मी आई-मावशीसोबत टॉकीजमध्ये होतो. पडद्यावरचा हुंदका कोणता आणि शेजारच्या खुर्चीतला कोणता, काही कळत नव्हतं. त्या बायका आपापल्या सासरच्या आठवणींनी रडत होत्या. त्या रडण्याला मी कधीही हलकं म्हणणार नाही. पण आचार्य अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई', ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तोही रडवतोच. रुमाल दोन्हीकडे सारखाच भिजतो. मग या दोन चित्रपटांतला फरक त्या रुमालावरून कसा ठरवायचा?

यवतमाळात तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणचे कास्तकार साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं. तेव्हापासून आम्ही काय काय पाहिलं, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. कास्तकाराच्या मरणावर कुणी सिनेमा काढला की श्रेयनामावली संपायच्या आत आमचे डोळे भरतात. ते पाणी दिग्दर्शकाने कमावलेलं नसतं, ते आमच्या घरचं असतं.

म्हणून सतीश मनवर यांचा २००९ चा 'गाभ्रीचा पाऊस' मला मोलाचा वाटतो. शेजारच्या कास्तकाराने जीव दिला आणि अलकाच्या मनाने घेतलं, आपला नवरा किसनाही तेच करील. ती त्याला गोडधोड करून घालते, पोराला त्याच्या मागे धाडते. किसना वैतागतो, आपण हसतो, आणि हसता हसता घास अडकल्यासारखं होतं. अलका झालेल्या सोनाली कुलकर्णींची नवऱ्याला शोधणारी ती नजर पाहून मला रडू आलं नाही, धास्ती वाटली. ती धास्ती कुठून येते, तेही सिनेमा दाखवतो: पेरून बसलेलं शेत, दडी मारलेला पाऊस, पुन्हा बियाण्यासाठी पैशाची जुळवाजुळव.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट' या चित्रपटानेही माझे डोळे जरासुद्धा ओले केले नाहीत. तरी त्यातले सुट्टीत बाकावर डुलकी घेणारे न्यायाधीश अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

सिनेमा मनाला भिडलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भिडलं ते त्याने दाखवलेलं, की आपण सोबत नेलेलं दुःख, हे चित्रपटांच्या परीक्षकांनी आणि आपणही विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आज संध्याकाळी या संमेलनात आपण 'गाभ्रीचा पाऊस' दाखवतो आहोत. मागच्या रांगांत आसपासच्या गावांतले कास्तकार असतील. दिवे लागले की आधी त्यांना बोलू द्या. पराटी (कपाशी) खरी वाटली का, अलका खरी वाटली का, ते सांगतील. मग आपण बोलू.