एका वावरात किती माती?



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर मातीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु लगतच्या जमिनी एकाच पाण्यावर भिजूनही निरनिराळे फळ देतात, हे सूरह रअदमध्ये विचार करणाऱ्यांसाठी निशाणी म्हणून सांगितले आहे. तेव्हा हा विषयही इल्मचाच आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ही निशाणी ठायी ठायी दिसते. उंचावर मुरमाड बरडी, उतारावर उथळ खरडी, त्यापुढे मोरंड आणि खोलगट भागात काळी कन्हार. ही नावे आपल्या वाडवडिलांची. इंग्रजी अमदानीत सारा ठरविताना जमाबंदी अधिकाऱ्यांनीही तीच वापरली. आज मात्र आपण साऱ्या वावराला एकाच मापाने युरिया देतो. रेताड तुकड्यातला युरिया पावसाबरोबर खाली झिरपून जातो आणि पैसाही त्याच्याबरोबर जातो.

2015 साली मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. तिच्यात बागायतीत अडीच हेक्टरांस एक व कोरडवाहूत दहा हेक्टरांस एक नमुना, असे प्रमाण ठरले. दहा हेक्टर म्हणजे सुमारे पंचवीस एकर! दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या हाती आलेल्या पत्रिकेतील माती कदाचित शेजाऱ्याच्या वावरातली असेल.

यावर विज्ञानाने एक उपाय काढला आहे. ट्रॅक्टरमागे धातूच्या चकत्या जोडून जमिनीत सौम्य वीजप्रवाह सोडतात. चिकणमाती व ओल असेल तेथे वीज सहज वाहते, रेती-मुरमात कमी. उपग्रहाच्या साहाय्याने प्रत्येक जागेची नोंद होते व वावराचा नकाशा तयार होतो. परंतु फरक चिकणमातीमुळे आहे, ओलीमुळे की क्षारांमुळे, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी खणून मातीच पाहावी लागते.

असे यंत्र लहान शेतकऱ्याला परवडणारे नाही. पण त्यामागचा विचार फुकट आहे. विद्यार्थी मित्रांनो, धान कापणीनंतर आजोबांना बरोबर घेऊन वावरात फिरा. रंग, उतार व पीक पाहून कागदावर भाग पाडा. प्रत्येक भागातून आठ-दहा ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची माती घ्या. बांध, झाड व शेणखताचा ढीग टाळा. ती एकत्र मिसळून अर्धा किलो ठेवा. प्रत्येक भागाची पिशवी वेगळी बांधून तपासणीस द्या.

पालकांना एकच विनंती. ‘शिकला नाहीस तर वावरात राबशील’ अशी धमकी मुलांना देऊ नका. माती जाणण्यासाठी रसायन, भौतिकशास्त्र व भूगोल लागतो. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आपल्या नागपुरात आहे, धानाचे संशोधन केंद्र सिंदेवाहीत आहे. तेथवर आपली मुले, आणि मुलीही, का पोहोचू नयेत?