जीवनाचे रेणू आणि एका अक्षराची चूक



सजीव कोणता आणि निर्जीव कोणता, हे ओळखणे वरकरणी सोपे वाटते. अंगणातील तुळस सजीव आणि वृंदावनाचा दगड निर्जीव, हे लहान मूलही सांगते. परंतु या भेदाचे नेमके लक्षण सांगण्याची वेळ आली, म्हणजे उत्तर अवघड होऊन बसते. वाढ हे लक्षण मानावे, तर मिठागरातील मिठाचा स्फटिकही वाढतो. हालचाल हे लक्षण मानावे, तर कणगीतील बियाण्याचे भात महिनोन्‌महिने निश्चल असते; तरी ते सजीवच. प्रजनन हे लक्षण मानावे, तर खेचराला सहसा संतती होत नाही. म्हणून त्याला कोणी निर्जीव म्हणत नाही.

तात्पर्य, कोणतेही एक लक्षण पुरेसे नाही. पेशीमय रचना, अन्नग्रहण, ऊर्जेचा विनियोग, उत्सर्जन, वाढ, बाह्य बदलांना प्रतिसाद, अंतर्गत समतोल आणि प्रजनन या सर्वांचा समुच्चय म्हणजे जीवन होय. स्फटिकावर बाहेरून थर चढतात. सजीव मात्र घेतलेले अन्न मोडून त्यातूनच आपले शरीर घडवितो.

मग सजीवाच्या शरीरात काही निराळे द्रव्य असते काय? एके काळी तसा समज होता. १८२८ साली फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मूत्रात आढळणारा युरिया हा पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला आणि त्या समजाला पहिला मोठा धक्का बसला. मानवी शरीराच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या चार मूलद्रव्यांचा असतो. ही मूलद्रव्ये हवेत, पाण्यात व मातीतही आहेत. वैशिष्ट्य आहे ते त्यांच्या जुळणीत.

या जुळणीतून, पाण्याच्या सान्निध्यात, चार प्रकारचे रेणू जीवनाचा व्यवहार चालवितात. भात-भाकरीतील पिष्टासारखी कर्बोदके ऊर्जा पुरवितात. तेलातुपातील स्निग्ध पदार्थ ऊर्जा साठवितात, आणि त्याच वर्गातील रेणूंचे पेशींना आवरण असते. प्रथिने स्नायू घडवितात, पेशींतील रासायनिक क्रियांना वेग देतात आणि रक्तातून प्राणवायू वाहून नेतात. चौथा वर्ग न्यूक्लिइक आम्लांचा. त्यांपैकी डीएनए या रेणूत चार रासायनिक अक्षरांच्या लिपीत प्रथिने घडविण्याचा आराखडा लिहिलेला असतो. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि बहुतेक प्रत्येक शब्द एका अमिनो आम्लाची खूण. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी त्या क्रमाने ओवले, म्हणजे प्रथिनांच्या माळा तयार होतात.

या क्रमाचे मोल किती, हे सिकलसेल या आनुवंशिक आजारावरून कळते. रक्तातील हिमोग्लोबिन हे चार माळांचे प्रथिन आहे. त्यांतील दोन माळा प्रत्येकी १४६ मण्यांच्या असतात. या माळांत सहाव्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्याने हा आजार होतो, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांच्या १९५६ सालापासूनच्या संशोधनातून सिद्ध झाले. मूळ चूक डीएनएतील एका अक्षराची. तेवढ्याने प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून तंतू बनतात, आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते; ही दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. त्यातून रक्तक्षय उद्भवतो. सूक्ष्म वाहिन्या तुंबतात व असह्य वेदना होतात.

हा विषय दूरदेशीचा नाही. विदर्भ, नंदुरबार आणि मध्य प्रदेशातील आदिवासी भागांत या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला.

या आजाराची आनुवंशिकता मात्र समजून घेतली पाहिजे. सदोष जनुक एकाच पालकाकडून आले, तर ती व्यक्ती वाहक असते आणि सामान्यतः निरोगी राहते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेणे हिताचे ठरते. वाहक असणे हा कलंक नव्हे. उलट, हेच जनुक वाहकाला तीव्र हिवतापापासून बरेचसे संरक्षण देते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ते टिकून राहिले. जन्माला आलेल्या रुग्णासही वेळीच निदान, नियमित औषधोपचार आणि पुरेसे पाणी यांचा मोठा आधार मिळतो.

पूर्वी अशा घरातील मुलाच्या यातनांचा दोष मातेच्या नशिबाला किंवा कोणाच्या दृष्टीला दिला जाई. तो दोष ना मातेचा, ना दैवाचा. एका रेणूतील एका अक्षराची ती चूक आहे, एवढे ज्ञान जरी घरोघरी पोहोचले, तरी जीवशास्त्राचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.