गावाच्या विस्मृतीत गेलेल्या बारवा

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आपल्या प्रत्येक गावात अशी एखादी जागा असतेच, जिच्याकडे जाणारी वाट काटेरी झुडुपांनी बुजली आहे. कोठे ती ढासळलेली गढी असते, कोठे ओसाड धर्मशाळा, तर कोठे गाळाने भरलेली बारव. अशा जागांचा शोध हा रिकामपणाचा उद्योग नसून गावाच्या कारभाराचाच एक भाग आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रारंभी माझी एक चूक सांगतो. सुमारे ३० वर्षांपूर्वी मी एका तालुक्यात नोकरीस होतो. एका गावच्या पडक्या बारवेत जनावर पडून मेले. बारव बुजवावी असा ठराव आला. जागा न पाहताच मी त्यावर अनुकूल शेरा मारला. दोनच वर्षांनी त्या गावात पाण्याच्या टँकरची पाहणी करण्यास गेलो, तेव्हा एक वृद्ध बाई म्हणाली, ''सायेब, बहात्तरच्या दुष्काळात त्या बारवेनं समद्या गावाला पाणी पाजलं. तुमी येका सहीनं ती बुजविली.'' या बोलण्यावर मजजवळ उत्तर नव्हते.

बारव म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरता येणारी विहीर. शिल्पग्रंथांत एका प्रवेशाच्या वापीस नंदा, दोन प्रवेशांच्या वापीस भद्रा, तीन प्रवेशांच्या वापीस जया व चार प्रवेशांच्या वापीस विजया अशी नावे दिली आहेत. पाणी कितीही खाली गेले तरी माणसाला तेथवर पोचता यावे, ही त्यामागील योजना होय.

सातारा तालुक्यातील लिंब गावाजवळची बारा मोटांची विहीर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाच्या या विहिरीवर एकाच वेळी बारा मोटा चालत व त्या पाण्यावर आमराई जोपासली जाई. विहिरीवरील बांधकामात चक्क एक महाल आहे. श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. तिचा काळ शके १६४१ ते १६४६ असा आहे. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ येतो. परंतु काही ठिकाणी हेच आकडे इसवी सनाचे म्हणून छापले गेले आणि विहीर ७८ वर्षांनी जुनी झाली! शिलालेख काळजीपूर्वक वाचणे किती अगत्याचे असते, हे यावरून ध्यानी यावे.

शोधाचा मार्ग

शोधाचा प्रारंभ गावच्या नकाशापासून करावा. 'बारवेचा मळा', 'गढीचा माळ' अशी शेतांची नावे फार काही सांगून जातात. वृद्धांना विचारावे, विशेषतः पूर्वी पाणी भरणाऱ्या स्त्रियांना. धुण्याचा दगड म्हणून वापरात असलेली शिळा कदाचित वीरगळ असेल. तिच्यावर खालच्या चौकटीत लढाई आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा कोरलेली आढळते. कोरीव लेखावर तेलरंग लावू नये, अक्षरे खिळ्याने उकरू नयेत. सकाळच्या वा सायंकाळच्या तिरप्या उन्हात घेतलेले छायाचित्र पुरेसे स्पष्ट येते.

मुलांना पडक्या इमारतीत वा विहिरीत उतरू देऊ नये. जुन्या विहिरीच्या तळाशी विषारी वायू साचलेला असू शकतो. मोठ्यांनीही एकट्याने जाऊ नये.

आणखी एक सावधगिरी. गुप्तधनाच्या लोभाने कित्येक जुन्या वास्तू खणून उद्ध्वस्त झाल्या आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबाद येथे एका गावकऱ्यास झुडुपाचे मूळ खणताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा सापडले. ते वितळविले गेले असते, तर आपल्या भूमीच्या प्राचीन इतिहासातील एक पान कायमचे नष्ट झाले असते.

आपली जबाबदारी

वारसा जतन करणे हे १९७६ च्या घटनादुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत जलव्यवस्थापन आणि सामूहिक मालमत्तेची देखभाल हे दोन्ही विषय पंचायतींसाठी नमूद आहेत. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून तिला हात लावू नये. नसेल तरी गाळ काढण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा.

माझी विनंती लहानशीच आहे. पुढील ग्रामसभेपूर्वी शिक्षकांनी गावातील अशा जागांची यादी करावी, सदस्यांनी ती सभेपुढे ठेवावी आणि अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष जागा पाहिल्यावाचून कोणत्याही ठरावावर सही करू नये. ही शेवटची विनंती मी अनुभवाने करीत आहे.